वंदनाला परत बोलावलं

८ जून २०२५, रविवार

वंदना परवा फोनवर म्हणाली, "तू नुसता हाव-नाही करतो. पोटातलं काही काढतच नाही. मले सांगवत नसन तं लिहून तरी काढ." बारावीनंतर शिलाईची मापं सोडली तर मी काही लिहिलेलं नाही. तरी बसलो आहे. कोणी वाचणार नाही, पण सुरुवात रीतसर करावी.

मी प्रेमानंद. वरवट बकालला बसस्टँडच्या अंगाला माझं शिलाईचं दुकान आहे, मागे घर. वंदना माझी बायको. ती नर्सिंग शिकलेली, आधी संग्रामपूरला एका दवाखान्यात होती. गेल्या दिवाळीनंतर इस्रायलला गेली, एका म्हातारीची देखभाल करायला. बाजूला गाझात माणसं मरत होती, तेव्हा सगळे नको म्हणाले, पण तिने परीक्षा दिली होती, भाषा शिकली होती. गेली. म्हातारीला ती 'सावता' म्हणते. त्यांच्या भाषेत सावता म्हणजे आजी. माझी माय म्हणते, "असं कसं? सावता तं माळ्याइचा संत होय." घरी आता मी, माय आणि मयुरी. मयुरी यंदा सातवीत जाईल.

सध्या शाळेच्या गणवेशांचा हंगाम. सकाळी भाकरी मीच टाकतो, मायच्या हाताने आता थापणं होत नाही. सुरुवातीला भाकर फाटायची, आता फुगते. हे मी कोणाला सांगत नाही, पण फुगली की बरं वाटतं.

टपरीवाला गोकुळ रोज विचारतो, "काय मास्तर, आज भाजी कायची टाकली?" आज चारचौघांत म्हणाला, "बायको इमानात, नवरा चुलीत. लय समता आली बावा तुह्या घरी!" सगळे हसले. मीही हसलो. चहा अर्धा ठेवून आलो.

वंदनाने काल फोटो पाठवला. समुद्रावर उभी आहे, पॅन्ट घोट्याच्या वर दुमडलेली, केस मोकळे, बाजूला केरळच्या दोघी मैत्रिणी. तोंड उघडून हसते आहे. लग्नाला चौदा वर्षं होत आली, पण तिच्या दाढा मी या फोटोतच पाहिल्या. इथे ती पदर तोंडाला लावून हसायची. फोटो मायला दाखवला नाही. मयुरीने पाहिला आणि मोबाईलच्या पडद्यावर लावून टाकला.

आणखी एक. तिकडे गेल्यापासून ती मला 'तू' म्हणते. आधी 'अहो' होतं. म्हणाली, "इकडं सगळेच सगळ्याइले तू म्हणतात, सवय लागली. राग येतो का?" मी नाही म्हटलं. पण पहिल्यांदा म्हणाली तेव्हा कोणी ऐकलं का म्हणून मी दुकानाच्या दाराकडे पाहिलं होतं.

१३ जून, शुक्रवार

इस्रायलने इराणवर विमानं घातली. गोकुळच्या टपरीवरच्या टीव्हीसमोर लोक मे महिन्यासारखेच गोळा झाले. मे महिन्यात आपलं आणि पाकिस्तानचं चाललं होतं, तेव्हाही असेच उभे राहायचे. तेव्हा वंदनाच तिकडून फोनावर फोन करायची, "तिकडं काही पडलं नाही ना?" मी हसायचो. वरवट बकालवर कोण बॉम्ब टाकते!

आज मी लावत होतो आणि फोन लागत नव्हता. दुपारी तिचाच आला.

"काही नाही. भोंगे वाजतात. वाजले की तळघरात जा म्हणतात."

"मंग जातेस ना?"

"सावताले चालता येते का? आम्ही तिसऱ्या माळ्यावर. मी तिले उचलून जिन्यात आणते, तिथंच बसतो दोघी. जिना पक्का आहे म्हणतात."

मागून म्हातारीचा आवाज आला. वंदना तिच्या भाषेत काहीतरी बोलली, मऊ, लहान लेकराशी बोलावं तसं. मग मला म्हणाली, "ठेवते. तिले वाटून राह्यलं मी कुठं चालली."

मला त्या भाषेतला एक शब्द कळत नाही. ऐकताना वाटलं, ही माझी बायको नाही, दुसरीच कोणी बाई आहे आणि माझी बायको तिच्या आत बसली आहे.

१५ जून, रविवार

तिच्या गावात क्षेपणास्त्र पडलं. तिच्या घरापासून लांब, पण काचा हलल्या म्हणाली.

घरी माणसांची रीघ. वंदनाचा भाऊ सहदेव संग्रामपूरहून आला. आल्या आल्या म्हणाला, "भावजी, बोलवा तिले. वाट कायची पाहून राह्यले?" माय म्हणाली, "मी तं आधीपासूनच म्हणत होती. बाईमाणसाले लढाईच्या मुलखात धाडते का कोणी?" बाजूचे एक काका मला म्हणाले, "गड्या, चूक तुही. तू दोरी सैल सोडली." जसं काही वंदना दावणीची होती. पण मी काकांना चहा पुढे केला.

टपरीवर पोरं क्रिकेटसारखे आकडे मोजत होती. याचे किती पडले, त्याचे किती पडले. संध्याकाळी मी वंदनाला म्हटलं, इराणवाल्यांनी चांगलंच धरलं तुम्हाला. ती म्हणाली, "तिकडं बी कोणीतरी बाई म्हातारीले घेऊन जिन्यात बसली असन रे."

आज एक गोष्ट झाली ती लिहितो. सकाळी बातमी ऐकली तेव्हा हातातली कात्री टाकून फोन लावायला धावलो. आणि त्याच्या मागोमाग, लगेच, वाटलं की आता येईल ती. आता यावंच लागेल. आणि बरं वाटलं. माणूस लढाईने खूश होतो का? पण मला वाटलं.

१८ जून, बुधवार

भांडण झालं.

आपलं सरकार तिकडच्या लोकांना काढून आणणार अशी बातमी आहे. विमानतळ बंद, म्हणून रस्त्याने शेजारच्या देशात नेऊन मग विमान. मी म्हटलं, नाव दे. ती नाही म्हणाली.

सावताची एकच मुलगी, ती अमेरिकेत. विमानं बंद म्हणून तिला येता येत नाही. ती रोज वंदनाला फोन करून रडते. "मी गेली तं म्हातारीले जिन्यात कोण आणन?"

"तू तिची कोण लागतेस?"

"कोणी नाही लागत. मंग सोडून देऊ?"

मी म्हटलं, पुरे झालं, नाव दे, मी सांगतो. ती म्हणाली, "तू विचारून राह्यला का सांगून राह्यला? आतापर्यंत आपण विचारत होतो एकमेकाले."

"लढाईच्या टाईमले विचारणं-फिचारणं नसते."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं कोणास ठाऊक. पण निघालं तेव्हा जड वाटलं नाही, उलट कित्येक दिवसांनी नीट आवाजात बोललो असं वाटलं.

ती हळूच म्हणाली, "सावता बी हेच सांगते. तिनं चार लढाया पाह्यल्या. लढाई लागली की बायाइले म्हणतात या, बाहेर या, हात लावा. संपली की म्हणतात, आता घरात बसा. दोन्ही टाईमले विचारत कोणीच नाही."

फोन कट झाला. तिने केला की रेंज गेली ते कळलं नाही.

२० जून, शुक्रवार

सहदेव पुन्हा आला. तो आणि माय दोघेही मला पाहत होते. सहदेव म्हणाला, "भावजी, तुमचं नाही ऐकत तं पोरीचं ऐकन."

मी मयुरीला दुकानातून आत बोलावलं. म्हटलं, मम्मीला फोन लावतो, तू रड आणि ये म्हण.

ती म्हणाली, "पण पप्पा, मले रडू येऊन नाही राह्यलं. मम्मी म्हणाली ना, जिना पक्का आहे."

"जिना-बिना काही नसते. मम्मी मेली तं चालन का तुले?"

तिचा चेहरा पांढरा पडला. मी फोन लावला आणि तिच्या हातात दिला. आधी ती नुसती उभी राहिली. मी खूण केली. मग ती रडली. "मम्मी ये ना. मम्मी, मले भेव लागते. ये ना." चांगलं रडली. वंदनाने तिला रडून होऊ दिलं. मग म्हणाली, "येते."

फोन ठेवल्यावर मयुरी मागच्या टाक्यापाशी जाऊन बसली आणि खरोखर रडायला लागली. मी समजूत काढायला गेलो, तर मला हात लावू दिला नाही. आईची आठवण आली असेल. पोर आहे.

सहदेव म्हणाला, "हे बेस झालं."

२२ जून, रविवार

वंदना निघाली. सकाळी बसमध्ये बसल्यावर दोन मिनिटं बोलली. शेजारच्या बाईला सावताकडे लक्ष ठेवायला सांगितलं आहे, दोन दिवसांत तिच्या नोकरीच्या संस्थेकडून दुसरी बाई येणार आहे.

मी विचारलं, "म्हातारीले सांगतलं?"

"नाही सांगता आलं. म्हटलं खाली औषध आणाले जाते. ती म्हणाली, लवकर ये."

आज घर झाडलं. गादीच्या खोळी धुतल्या. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला नवा हार घातला. गोकुळ म्हणाला, "आता सुटला मास्तर तुमचा सैपाक!"

२४ जून, मंगळवार

युद्ध थांबलं म्हणे. टपरीवर वाद चालला होता की जिंकलं कोण. गोकुळच्या मते दोघेही.

वंदना दिल्लीला उतरली. उतरून फोन सुरू केला तर शेजारणीचा निरोप आलेला. ती निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या सावताच्या घराकडच्या बाजूवर क्षेपणास्त्र पडलं. सावता गेली.

तिने मला हे सांगितलं तेव्हा मी दुकानात उभा होतो. मी म्हटलं, "पाह्यलं? पाह्यलं ना? मी नसतं बोलावलं तं आज..." मी खरंच रडत होतो. ती जिवंत होती आणि मी बोलावलं म्हणून जिवंत होती.

ती म्हणाली, "जिना उभाच आहे म्हणतात. जिन्यात होते ते सगळे वाचले."

मग म्हणाली, गाडीची वेळ झाली.

२७ जून, शुक्रवार

परवा शेगाव स्टेशनवर मी, मयुरी आणि सहदेव घ्यायला गेलो होतो. एवढ्या लांबून आलेली बाई आणि हातात एकच बॅग. मयुरी जाऊन बिलगली. वंदनाने तिला इतकं घट्ट धरलं की मागचे लोक "बाई, बाजूले व्हा" म्हणू लागले.

मी समोर उभा राहिलो. ती म्हणाली, "अहो, बॅग धरा."

अहो म्हणाली! मला एवढा आनंद झाला की बॅग सहदेवला न देता मीच उचलली. घरची रीत घरी आल्याबरोबर परत आली. बाकीचंही येईल.

६ जुलै, रविवार

ग्रामपंचायतीत सत्कार झाला. वंदनाला साडीचोळी, मला नारळ आणि शेला. सरपंच बोलले, "लढाईच्या वणव्यातून आपल्या गावची लेकसून सुखरूप परत आली. याचं श्रेय प्रेमानंदभाऊले. त्याइनं वेळेवर दोरी ओढली." टाळ्या वाजल्या. ज्या काकांनी मला दोरी सैल सोडली म्हटलं होतं, तेच पुढे बसून जोरात वाजवत होते.

मग वंदनाला म्हणाले, दोन शब्द बोला. ती उठली. माईकपाशी गेली. म्हणाली, "माह्यापाशी एक म्हातारी होती. ते मेली. तिच्यासाठी दोन मिनिटं उभं राह्यता का?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. सरपंच आधी उठले, मग सगळे. मागून कोणीतरी विचारत होतं, "कोण मेलं बे? कोणाच्या घरची?" दोन मिनिटं झाली नसतील, माईक शिटी मारायला लागला आणि लोक बसले. चहा आला.

घरी येताना मी तिला म्हटलं, छान बोललीस. ती म्हणाली, "उभे राह्यले, तेच लय झालं."

१९ जुलै, शनिवार

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नाही. सगळं जागच्या जागी आलं आहे. सैपाक तीच करते. मायने कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे दिल्या. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू आहे, ती मायला धरून नेते, धरून आणते. मी टपरीवर पहिल्यासारखा बसतो, भाजीबद्दल आता कोणी विचारत नाही.

परवा शेगावकडे जाणारी रुग्णवाहिका भोंगा वाजवत दारावरून गेली. वंदना चुलीपाशी होती. मी पाहिलं तर ती तिथे नाही, भाकर तव्यावर जळते आहे. गच्चीच्या जिन्याखाली बसली होती. एक हात असा पुढे, जणू कोणाच्या पाठीला लावला आहे. मयुरी तिच्या शेजारी जाऊन बसली. मी म्हटलं, "अवं, ॲम्ब्युलन्स होती." ती उठली आणि दुसरी भाकर टाकली.

होईल हळूहळू. तिच्यासाठी खामगावहून हिरव्या बांगड्या आणल्या. भरल्या तिने. छान दिसतात.

तिकडे परत जायचं विचारत होती. संस्थेने कळवलं, मध्येच निघून आल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागेल. मी म्हटलं, राहू दे ना आता. ती म्हणाली, "हो." एवढ्या लवकर हो म्हणेल असं वाटलं नव्हतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज सावताच्या मुलीचा फोन आला. अमेरिकेतून. वंदना ओसरीत उभी राहून बोलली. मी मशीन थांबवलं नाही, म्हटलं उगीच ऐकतोय असं नको वाटायला, पण पाय आपोआप थांबला. बराच वेळ वंदना ऐकत होती. मग त्या भाषेत एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लागली. 'स्लिखा'. 'स्लिखा'. माफ करा, असा अर्थ आहे त्याचा, हे मयुरीने मला नंतर सांगितलं.

फोन संपला. ती तिथेच दाराच्या चौकटीला टेकली. मी विचारलं, काय म्हणाली?

"शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं." ती सपाट आवाजात सांगत गेली, रुग्णाच्या नातेवाइकांना सांगतात तसं. "म्हणाली, तुमची काही चूक नाही. तुमचं लेकरू लहान आहे. त्या दिवशी भोंगा झाला तेव्हा शेजारचे दोघं म्हातारीले उचलाले आले होते. पण म्हातारीनं पलंगाची दांडी सोडली नाही. म्हणे, थांबा, माही पोरगी औषध आणाले खाली गेली. ती वर येईन आन मी दिसली नाही तं भेवाडन. थांबा, आत्ता येते ती. त्या दोघाइनं हात सोडवून पाह्यले. मंग दुसरा भोंगा झाला आन ते जिन्यात गेले."

माय आतून म्हणाली, "कोण होतं वं?" वंदना मायला म्हणाली, "कोणी नाही, मामी."

मग ती आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. निवडलेलेच तांदूळ होते ते.

१३ ऑगस्ट, बुधवार

काल मला राहवलं नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "मयुरी फोनवर रडली ना, ते मी लावलं होतं तिले रडाले."

"माहीत आहे."

"तिनं सांगतलं?"

"नाही. पोरगी खरं रडते का खोटं, हे मायले समजत नाही का?"

"मंग आली काऊन?"

तिने घडी खाली ठेवली. माझ्याकडे सरळ पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा.

"जो बाप पोरीले खोटं रडाले लावते, त्याच्यापाशी पोरगी ठेवून मी तिथं कशी राहू? मी लढाईले भेऊन नाही आली. तुमच्यासाठी बी नाही आली. तिच्यासाठी आली. आन तिच्यासाठी आली म्हणून दुसरीले सोडून आली. आता या दोघीइचं वजन मी कोणत्या तराजूत टाकू, सांगा."

मी म्हटलं, तू मेली असतीस तर? ती म्हणाली, "मेली असती. नाहीतर दोघी वाचलो असतो. ते मले ठरवू द्यायचं होतं."

मला अजून सांगायचं होतं. पहिल्या दिवशी बातमी ऐकून मला बरं वाटलं होतं, तेही. पण ते तोंडातून निघालं नाही. काही गोष्टी माणसाला मारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. ती निजायला मयुरीजवळ गेली.

१५ सप्टेंबर, सोमवार

चिखलीला म्हाताऱ्या रुग्णांच्या एका दवाखान्यात तिला नोकरी मिळाली. तिने मला आधी सांगितलं नाही. अर्ज केला, बोलावणं आलं, जाऊन आली, मग सांगितलं. राहायला खोली घेतली आहे. मयुरीचं नाव तिकडच्या शाळेत घालणार.

मी म्हटलं, गाव काय म्हणेल? सहदेवने फोनवर तिला खूप झापलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, झालं का बोलून?"

मला भरवसा मायचा होता. माय नक्की अडवेल. पण मायने कोठीतून ज्वारीचं पीठ, तिखट, कुरड्या काढून दोन पिशव्या भरल्या. वंदनाला म्हणाली, "पोट्टीले संगं ने. इथं ठेवू नको."

मी म्हटलं, "माय, तू बी?"

"मी त्या दिवशी होती नं इथं," माय म्हणाली. "सहदेव होता, तू होता, मी होती. तिघं मोठे माणसं आन एक लेकरू. म्या तोंड उघडलं नाही. मलेही ते घरी पाह्यजे होती, माह्या गुडघ्याले तेल लावाले." मग पिशवीचं तोंड बांधत म्हणाली, "तुह्या बापानं मले पहिल्या बाळंतपणाले माहेरी जाऊ देलं नव्हतं. तवा बी लढाईच चालू होती, पाकिस्तानची. म्हणे, दिवस बरे नाहीत, बाईनं घराबाहेर पडू नये. वरवट बकालात कोणती लढाई होती बाप्पा! पहिलं लेकरू गेलं माहं." हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं मीच पहिला.

आज सकाळच्या गाडीने दोघी गेल्या. मी सामान वर चढवून दिलं. वंदना म्हणाली, "मामीच्या गोळ्या फडताळात वरच्या खणात आहेत." मी हो म्हटलं. मयुरीने हात हलवला. मीही हलवला. गाडीच्या धुळीत उभा राहिलो तर गोकुळ टपरीतून म्हणाला, "मास्तर, चहा?" आणि पुढे काही म्हणाला नाही. तेवढं त्याने बरं केलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची बुद्धवंदना झाली. पांढरे कपडे घालून मायला घेऊन गेलो. बायका मला विचारतात, सून कधी येणार. मी म्हणतो, ड्युटी असते.

मागच्या रविवारी चिखलीला गेलो होतो. खामगावला गाडी बदलून पोचायला दुपार झाली. खोलीत मयुरी होती. मम्मीची ड्युटी वाढली म्हणाली. मी संध्याकाळपर्यंत बसलो. पोरीने चहा केला, शाळेतलं दाखवलं. शेवटची गाडी चुकू नये म्हणून निघालो. भेट झाली नाही. दवाखान्याच्या नोकरीत असंच चालायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा गेलो. दिवाळीतही दोघी आल्या नव्हत्या. मयुरीसाठी दोन ड्रेस शिवून नेले, एक आकाशी आणि एक लिंबू रंगाचा. वंदनासाठी मायने लाडू दिले होते.

खोली नीटनेटकी आहे. खिडकीत तुळस नाही, कोथिंबीर लावली आहे. भिंतीवर एका गोऱ्या म्हातारीचा फोटो आहे, मांडीवर शाल, डोळे बारीक करून हसते आहे. मी आजपर्यंत सावताला पाहिलंच नव्हतं. मला वाटायचं मोठी, उंच बाई असेल. एवढीशी होती. मयुरीच्या एवढी. वंदना तिला कशी उचलत असेल ते दिसलं मला.

मयुरीने ड्रेस अंगाला लावून पाहिला. मोठी झाली आहे, खांद्यात अर्धा इंच कमी पडला. मी म्हटलं, पुढच्या वेळी मोकळा करून देतो. मग म्हटलं, "मम्मी येईपर्यंत बसतो आज. उशीर झाला तं मुक्काम करतो."

तिने ड्रेसची घडी घातली, उकलली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "पप्पा, एक सांगू? रागवू नका."

"सांग ना."

"मागच्या वेळी मम्मीची ड्युटी नव्हती वाढली. ती आली होती. खालून तुमच्या चपला पाह्यल्या तिनं. मंग समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती, तुम्ही जाईपर्यंत. लय वेळ बसली होती. मी खिडकीतून पाहत होती." तिने माझा हात धरला. "तिच्या कंबरेत दुखते हो पप्पा, दिवसभर माणसं उचलून. तिले बसाले लावू नका आज."

मी म्हटलं, बरं.

लाडूचा डबा ओट्यावर ठेवला. मयुरीच्या डोक्यावर हात ठेवला, तिने ठेवू दिला. जिना उतरलो. दवाखान्याचा रस्ता समोरून येतो आणि स्टँडलाही तिकडूनच जवळ पडतं. पण तिची सुटायची वेळ झाली होती. मी एका पानवाल्याला विचारलं, मागून रस्ता आहे का. तो म्हणाला, "आहे, पण फेरा पडते लय. समोरूनच जा ना, कोण अडवून राह्यलं तुमाले?"

मी मागच्या रस्त्याने गेलो.